मधुमेह : रक्तवाहिन्यांच्या अस्तराची झीज आणि तिची किंमत

मधुमेहाला लोकव्यवहारात 'साखरेचा आजार' म्हटले जाते. परंतु रुग्णाला अंथरुणाला खिळवते आणि कुटुंबाला कर्जात लोटते ती मुख्यतः रक्तवाहिन्यांची हानी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमधील प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आढळले.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकेरी थराचे अस्तर असते. नळीला दिलेला निर्जीव मुलामा, यापलीकडे त्याला फारसे महत्त्व दीर्घकाळ दिले गेले नव्हते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की, हे अस्तर खरवडून काढल्यास ॲसिटिलकोलीन देऊनही रक्तवाहिनी सैल होत नाही. अस्तरातून स्रवणारा तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, असे पुढे सिद्ध झाले. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू वाहिनी रुंद ठेवतो आणि प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू देत नाही.

स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी प्रामुख्याने इन्शुलिनची अनुमती लागते. अस्तराच्या पेशींना असा पहारेकरी नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. तिचे ज्वलन होताना मायटोकाँड्रियात सुपरऑक्साइड हा दाहक घटक जादा निर्माण होतो आणि नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतो. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून वाहिन्यांच्या भिंती ताठर बनवते. दृष्टिपटल व मूत्रपिंडातील केशवाहिन्या गळू लागतात. हृदय, मेंदू व पायांकडील मोठ्या धमन्यांत मेदाचे थर साचतात. वर्षानुवर्षे यातले काहीच दुखत नाही, आणि म्हणूनच उपचार लांबणीवर पडतात.

ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. निदानापासूनच साखर काटेकोर नियंत्रणात ठेवलेल्या रुग्णांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने २००८ मधील पाठपुरावा अधिक बोलका आहे. चाचणी संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांच्या साखरेतील फरक नाहीसा झाला होता. तरी दहा वर्षांनंतरही लाभ टिकून होता. प्रारंभीच्या वर्षांतील औषधखर्च ही या अर्थाने भांडवली गुंतवणूकच ठरते. मेटफॉर्मिनची गोळी स्वस्त आहे. डायलिसिस मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकाची मजुरीही त्या दिवशी बुडते. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार नागरिकांनी थेट खिशातून उचलला होता.

असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी आता गावपातळीपर्यंत पोहोचली आहे. तथापि, किती जणांची साखर मोजली यापेक्षा किती जणांची आटोक्यात राहिली, हा आकडा अधिक मोलाचा आहे. लघवीतील अल्ब्युमिन, दृष्टिपटल आणि तळपायाची संवेदना या तिन्ही तपासण्या दरवर्षी झाल्या तर झिजणारे अस्तर वेळीच लक्षात येते. तळपायासाठी तर नायलॉनचा एक धागा पुरतो.