भामरागडला निघालेल्या भाच्यास

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर भामरागडच्या शिबिराला जातोयस, हे ताईकडून कळलं. जरूर जा. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम डोळे भरून बघ. तुझ्या सामानाची यादीही तिने पाठवली. पॉवर बँक दोन, बर्म्युडा तीन, मच्छरदाणी एकही नाही! म्हणून हे पत्र.

गडचिरोली हा हिवतापाचा जुना जिल्हा. तिथे फॅल्सिपॅरम आढळतो, म्हणजे वेळेवर औषध मिळालं नाही तर मेंदूपर्यंत जाणारा हिवताप. तो पसरवणारी अ‍ॅनॉफिलिसची मादी दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत चावते. तुम्ही नेमके त्याच वेळी शेकोटीभोवती गाणी म्हणत बसणार. तेव्हा बर्म्युडा दुपारपुरत्या. सूर्य कलला की पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट रंगाचा सदरा, लांब पँट आणि मोजे. शेकोटीच्या धुरावर विसंबू नकोस, वारा फिरला की धूरही फिरतो.

उघड्या राहिलेल्या अंगाला डीट हे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम लाव, वीस ते तीस टक्क्यांचं. घोटे, मान आणि कानांच्या मागची जागा मुलं हमखास विसरतात. घाम आला की चार तासांत पुन्हा लावायचं. लिंबात खोचलेल्या लवंगा आणि डास पळवणारं मोबाइल अ‍ॅप यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तंबूत कॉइल तर अजिबात लावू नकोस. कापड पेटेल, शिवाय बंद जागेत तो धूर छातीत जाईल.

सगळ्यात मोठा भरवसा मच्छरदाणीचा, तीही कीटकनाशकभारित. कडा गादीखाली नीट खोच आणि आत शिरल्यावर बॅटरीच्या उजेडात एकदा कोपरे बघ. झोपेत हात जाळीला टेकला तर बाहेरची मादी जाळीतूनच चावते, म्हणून दाणी ऐसपैस घे. ती उन्हात वाळवू नकोस, औषधाचा जोर कमी होतो. तंबूची जागा तुम्हालाच निवडायची असेल तर ओढ्याकाठची टाळा. जरा उंचावर, वारं लागेल अशी बघा. दिवसा चावणारे डास डेंग्यूचे, म्हणून तळाजवळच्या उघड्या बादल्या पालथ्या घाला.

हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचार. मित्राने सांगितल्या म्हणून घेऊ नकोस.

आणि हे नीट वाच. डास चावल्यावर लगेच ताप येत नाही, निदान आठवडा जातो. म्हणजे तू पुण्यात परत येऊन कॉलेजला जायला लागलेला असशील. तेव्हा थंडी वाजून ताप भरला तर क्रोसिन घेऊन पडून राहू नकोस, त्याच दिवशी रक्त तपासून घे. पुण्यातल्या डॉक्टरांना आधी व्हायरलच सुचेल. त्यामुळे 'मी भामरागडला जाऊन आलोय' हे त्यांनी विचारायची वाट न पाहता तूच सांग.

तुझी,
मावशी