आडवे पडताच छातीत जळजळ

प्रश्न : वय ४६. रात्री अकराला जेवून लगेच झोपतो. मध्यरात्री घशाशी आंबट येते, छाती जळते. थंड दूध किंवा खायचा सोडा घेऊ का?

उत्तर : दुधाने घटकाभर बरे वाटते, पण ते पचवायला जठर पुन्हा आम्ल सोडते. सोड्यात सोडियम भरपूर. रक्तदाब असलेल्यांनी तर रोज घेऊच नये. तुमचे दुखणे जेवणाच्या वेळेत आहे. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली, की भरल्या पोटातले आम्ल आडवे होताच वर चढते. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांची चळत नको, तिने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपा. पोट सुटले असेल तर वजन उतरवा. जेवणानंतर बडीशेप चघळा, लाळ सुटते. पेपरमिंटच्या गोळ्या मात्र टाळा; हे ऐकून बरेच जण चकित होतात, पण त्याने झडप आणखी सैल पडू शकते.

घास अडकतो, शौचाला काळे होते किंवा वजन आपोआप घटते आहे? मग घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. घाम फुटून दुखणे हातात किंवा जबड्यात उतरले, तर ॲसिडिटी समजून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठून ईसीजी काढा.