शहाळं कुणाच्या सांगण्यावरून?

साताऱ्याकडच्या एका निवृत्त एसटी वाहकाला मधुमेहापायी मूत्रपिंडाचा आजार जडला. आहारतज्ज्ञांनी दिलेला पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटला खरा, पण भेटायला येणारा प्रत्येक जण आपलं वेगळं पथ्य घेऊन येई. लघवी साफ होते म्हणून कुणी रोज शहाळं प्यायला सांगितलं. रक्तदाब होता, म्हणून कुणी कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. सगळं मायेपोटीच. मग एके दिवशी त्यांच्या पायांतलं बळ गेलं, छातीत धडधडू लागलं. रक्तातलं पोटॅशियम निघालं 6.8, ते साधारण 3.5 ते 5 असावं लागतं. त्याच रात्री डायलिसिस करावं लागलं.

निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं. दुबळ्याला ते जमत नाही, आणि रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, प्रसंगी थांबवतंसुद्धा. शहाळ्याच्या एका ग्लासात ते 500 ते 600 मिलिग्रॅम असतं. कमी सोडियमच्या मिठात तर सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडनेच भरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून वगळलं होतं.

आता त्यांच्या घरी बटाटा सोलून पातळ चिरतात, भरपूर पाण्यात भिजवतात, उकळतात आणि ते पाणी चक्क ओतून देतात. पोटॅशियम पाण्यात उतरतं ना! म्हणूनच पुरणपोळीच्या दिवशी त्यांच्या ताटात कटाची आमटी नसते. एकादशीचा बटाटा, रताळं, शेंगदाणेही विचारल्याशिवाय नाहीत.

पुढे डायलिसिस नेहमीचं झालं आणि नवीच अडचण आली. जुन्या कागदावर डाळ, दूध, अंडी बेतानं खा असं लिहिलेलं. घरच्यांनी ते निष्ठेनं पाळलं. वजन उतरत गेलं. डायलिसिसआधी प्रथिनं दर किलो वजनामागे 0.6 ते 0.8 ग्रॅमवर ठेवतात, सुरू झाल्यावर 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला आधी 36 ते 48 ग्रॅम, नंतर 60 ते 72. आहारतज्ज्ञ बाईंनी तो कागद काढून घेतला आणि अंड्याचा पांढरा भाग रोज लिहून दिला. माणूस तोच, आजार तोच, पथ्य मात्र जवळजवळ उलटं.

डायलिसिस केंद्रातल्या नव्या रुग्णांना हे गृहस्थ आता आवर्जून सांगतात: ताजे रिपोर्ट घेऊन जा. चार दिवसांत काय काय पोटात गेलं ते लिहून न्या. लोणचं, पापड, काढा, कुणी दिलेली पावडर, काही लपवू नका. आणि स्वयंपाक करणारं माणूस सोबत न्या, कारण 'भाजी कमी खा' म्हणजे किती वाट्या, हे तिथेच विचारायला हवं. हा शेवटचा सल्ला सर्वांत मोलाचा वाटतो.

'डाएट'चा सल्ला देणारे आज गल्लोगल्ली आहेत. त्यांचं शिक्षण विचारायला संकोच नको. जमत असेल तर तुमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांसोबत काम करणाऱ्या आहारतज्ज्ञांकडेच जा. औषध बदललं, रिपोर्ट बदलले किंवा डायलिसिस सुरू झालं, की जुन्या कागदावर विसंबू नका. नवा मागून घ्या.