ओळख थोरांची : कर्मवीर भाऊराव पाटील – तालमीतला गडी, शाळांचा बांधकरी



या अंकात आपण एका अशा माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्याचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले, पण ज्याने हजारो मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. महाराष्ट्रातून इथे कुकटपल्लीत येऊन स्थायिक झालेल्या आपल्यापैकी काही घरांत ‘रयत’ हे नाव ठाऊक असेल. कुणाचे आजोबा सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा नगरकडच्या रयतच्या शाळेत शिकलेले असतील. त्या संस्थेचे संस्थापक म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

बालपण आणि तालीम

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. अभ्यासापेक्षा कुस्ती आणि पोहणे यांत ते अधिक रमत. शरीर दणकट आणि स्वभाव निर्भय. एका विहिरीवर अस्पृश्य समाजातील लोकांना पाणी मिळत नाही हे पाहून लहानग्या भाऊरावांनी तिथला रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगतात.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये शिकायला गेले व जैन वसतिगृहात राहू लागले. 1908 साली तिथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर ‘आंघोळ करून मगच आत या’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी साफ नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण झाले नाही.

फिरस्तीतून मिळालेला धडा

साताऱ्यात शिकवण्या घेतल्यामुळे लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. नंतर त्यांनी ओगले यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. त्या निमित्ताने गावोगाव फिरताना त्यांना एक गोष्ट दिसली. शेतकऱ्याचा मुलगा हुशार असला तरी गावात शाळा नाही, आणि शहरात शिकायला जावे तर राहायला जागा नाही.

यावर उपाय म्हणून 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्थेचे काम साताऱ्यात आले. तिथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीत जेवत. शंभर वर्षांपूर्वी ही साधी गोष्ट नव्हती. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

घरातला वाटा

या कामाला पैसा कुठून आला? आमच्या मते या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. तरीही वसतिगृहातील सर्व मुलांना त्यांनी आपली मानले. मुले आजारी पडली तर उशाशी त्याच बसत. संस्थेजवळ पैसे नसत तेव्हा त्यांचे एकेक दागिने मोडले गेले. एकदा भाऊराव दौऱ्यावर असताना धान्य संपले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले, असे सांगतात. 1930 साली त्यांचे निधन झाले. रयतचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

भाऊरावांना आपण ‘कर्मवीर’ म्हणतो, ते योग्यच आहे. पण संस्था उभी राहते तेव्हा संस्थापकाच्या घरानेही काही सोसलेले असते. ते सोसणे त्या घराने आपखुशीने पत्करले की त्यांच्यावर येऊन पडले, याचा विचार समाजाने करायला हवा. फलकावर एकच नाव असले तरी आठवण दोघांचीही ठेवावी.

स्वतःच्या हातांनी उभी केलेली शाळा

तालमीत घाम गाळलेल्या भाऊरावांना अंगमेहनतीची लाज माहीत नव्हती. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य झाले आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह. वसतिगृहातील मुले स्वयंपाक करत, शेती करत, दगडमाती वाहत. 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे प्रत्यक्षात आली. गरीब मुलाला वाटे, मी कुणाच्या दयेवर नाही, माझ्या कष्टावर शिकतो आहे. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले.

1959 साली भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. पदवी मिळाली. त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत.

आपल्यासाठी

आपल्या हैदराबादेतही हे घडले आहे. निजामाच्या काळात राज्यकारभार उर्दूत चाले. अशा वेळी केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 साली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा सुरू केली. घरापासून दूर आपली भाषा टिकवायची तर ती कुणीतरी वेळ, पैसा आणि कष्ट देऊन टिकवावी लागते. विश्वस्त इमारत बांधू शकतात, पण वर्ग भरतो तो पालकांनी मुलांना पाठवले तर, आणि टिकतो तो मुलांनी शाळा आपली मानली तर.

विचार करा व लिहा

1. भाऊरावांनी आंघोळ करण्यास नकार का दिला?
2. फुकट शिक्षण आणि ‘कमवा आणि शिका’ यांत तुम्हाला काय फरक वाटतो?
3. लक्ष्मीबाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? घरातील मोठ्यांशी बोलून दहा ओळी लिहा.
4. आपली शाळा उभी राहताना कुणी कुणी हातभार लावला, हे आजी-आजोबांना विचारा. फलकावर नसलेले निदान एक नाव शोधून आणा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ती एकत्र करून शाळेच्या दप्तरी ठेवावीत, असा आमचा विचार आहे.