राखणीचा कुत्रा व विजेचा पट्टा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं आतां शहरें झालीं आहेत. तथापि बदलापुराच्या आसपासच्या खेड्यांत भाताचीं खाचरें व भाजीचे मळे अद्याप आहेत, आणि त्यांच्या राखणीस कुत्रा लागतोच. तोच कुत्रा शेजाऱ्याच्या शेळ्यांमागें लागला, म्हणजे तंटा उभा राहतो. महसुली नोकरींत असे तंटे मीं पुष्कळ पाहिले. त्यावर उपाय म्हणून दुरून झटका देणारा विजेचा पट्टा बाजारांत मिळतो. त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

पट्ट्याच्या आंतल्या बाजूस धातूच्या दोन खुंट्या असून त्या मानेच्या कातडीस टेकतात. धन्यानें हातांतील यंत्राची कळ दाबतांच बिनतारी संदेश जातो व कुत्र्यास झटका बसतो.

मुख्य दोष असा कीं, झटका कशाबद्दल बसला हें कुत्र्यास कळत नाहीं. त्या क्षणीं समोर जें दिसेल त्याशीं तो वेदनेचा संबंध जोडतो. मीं असा पट्टा आणिला होता. कुत्रा शेळ्यांमागें धांवतांना कळ दाबली, तोंच शेळ्या राखणारा मुलगा आडवा आला. शेळ्यांचा नाद सुटला नाहींच; उलट त्या मुलास पाहतांच कुत्रा गुरगुरूं लागला व तिसऱ्या दिवशीं त्यानें त्याची पोटरी धरली. जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन मुलास लस टोचण्यास नेलें. अपराध कुत्र्याचा नव्हता. कळ माझ्या हातीं होती.

शिवाय पट्टा फार वेळ एकाच जागीं राहिल्यास मानेस जखमा होतात. वेल्समध्यें २०१० सालीं अशा पट्ट्यांच्या वापरास बंदी झाली. आपल्याकडेही १९६० च्या कायद्यान्वयें जनावरास विनाकारण यातना देणें हा गुन्हा आहे.

याऐवजीं पुढील रीत मला फलदायी झाली.

१. कुत्र्यास वीस हात लांब दोर बांधावा. दोर हातास गुंडाळूं नये.

२. प्रथम घराच्या अंगणांत नांवानें हांक मारावी व येतांच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. रोज दोन वेळां दहा-दहा मिनिटें पुरेत.

३. नंतर शेळ्या दूर दिसतील अशा ठिकाणीं न्यावें. त्यानें कान टवकारतांच, धांव घेण्यापूर्वींच, हांक मारावी. वळला कीं तुकडा द्यावा.

४. अंतर हळूहळू कमी करावें. कुत्रा न वळल्यास रागावूं नये. फार जवळ गेलों असें समजून मागें सरावें. हांकेची खात्री पटेपर्यंत दोर सोडूं नये.

नवें पिल्लू पाळणारांनीं तें तीन ते बारा आठवड्यांचें असतांनाच आपल्या देखरेखीखालीं त्यास शेळ्या, कोंबड्या व मुलें यांची ओळख करून द्यावी. रेबीजची लसही वेळच्या वेळीं टोचून घ्यावी.

दोरास खर्च थोडा, पण सवड फार लागते. ती सवड ज्यास नाहीं, त्यानें कुत्रा पाळण्यापूर्वींच विचार करावा.