पहिल्या मुक्कामाचं तळं

रत्नागिरी
कार्तिक वद्य पंचमी

चि. सायली हिस,


मुक्कामासाठी निवडलेल्या तळ्यांची तुझी यादी मिळाली. शिवसागर, पवना, हरिश्चंद्रगड. फोटोही पाहिले. रात्री दहा वाजता मैत्रिणीचा पाय मुरगळला तर हाक कुणाला मारायची, हे मात्र फोटोत दिसत नाही. पहिल्या मुक्कामाचं तळं मी याच प्रश्नावर निवडेन. पाण्याचा रंग पुढच्या खेपेला बघू.

शिवसागर आधी खोड. कोयना धरणाच्या त्या जलाशयाभोवतीचं अभयारण्य 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, लाँचने पलीकडे जायचं, वासोटा चढायचा आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. वर राहायला मनाई आहे. ‘आम्ही गुपचूप राहिलो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. गवे, अस्वलं, बिबटे यांचं ते घर आहे. पवनेच्या काठावर तंबू आयता, शेकोटी आयती, गाणीही आयतीच. पाठीवर सॅक घेऊन चालायची तुझी हौस तिथे भागायची नाही. हरिश्चंद्रगडाची पुष्करणी मला फार आवडते, पण डिसेंबरात तिथली थंडी रत्नागिरीच्या अंगाला सोसणारी नव्हे. पुढच्या वर्षी जा.

‘आपल्या जिल्ह्यात डोंगरातलं एकही तळं नाही’ म्हणून तू रुसली आहेस. बरोबरच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चैत्रात विहिरी तळ गाठतात. सड्यावरचा जांभा पाणी धरत नाही, झिरपवून टाकतो. नद्याही सह्याद्रीवरून निघाल्या की थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. त्यामुळे आपल्याकडे पाणी साठलेलं दिसलं की समजावं, माणसाने अडवलंय किंवा काळ्या कातळात खोदलंय. किल्ल्यांवरची बरीच तळी म्हणजे तर खाणीच. बांधकामाला दगड काढला आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी साठवलं. शिवसागरचंही पाणी मूळ कृष्णेच्या वाटेने पूर्वेला जाणारं. धरण बांधून ते बोगद्यांतून पोफळीला उतरवलं, वीज काढली आणि वाशिष्ठीत सोडलं.

मुक्कामाला तळं नसलं तरी सरावाला आपला जिल्हा पुरेल, म्हणून आधी खेडजवळच्या रसाळगडावर एक दिवस जाऊन ये. चढ थोडा आहे, वर झोलाईचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. भरलेली सॅक घेऊनच चढ. खांद्याला पट्टा कुठे काचतो ते तिथे कळू दे. शेजारच्या सुमारगडाचा मोह मात्र आवर, ती वाट नवख्यांची नाही.

आणि मुक्कामाला राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या माचीवर उधेवाडी गाव आहे, गावापासून जवळच उदयसागर तलाव आणि काठाला जुनं शंकराचं देऊळ. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटर चाल, बरीचशी सपाटीची. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट अंतराने कमी आहे, पण सगळा चढच चढ. पाठीवर ओझं असताना लांब पण सपाट वाट बरी. चाल फारच झाली तर उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं, ओसरीवर पथारीही पसरता येते. हाक मारली तर ओ देणारं कुणीतरी आहे, म्हणून राजमाची. जूनमध्ये काजवे बघायला तिथे झुंबड उडते, तेव्हा जाऊ नकोस. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले.

तंबू पाण्याला खेटून लावू नकोस. गार हवा रात्री खाली उतरून पाण्याकाठी साचते, पहाटे दवाने तंबू आतून-बाहेरून भिजतो, शिवाय गुरांची आणि रानातल्या जनावरांची पाण्यावर यायची वाट तीच. थोडं वर, सपाट जागा बघ, आणि गावात विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नकोस.

पोहायचं अजिबात नाही. भाट्याच्या समुद्रात तू मासोळीसारखी पोहतेस हे ठाऊक आहे, पण खारं पाणी अंगाला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. त्यात खाली गाळ असतो, आणि एक पाऊल गुडघ्याइतक्या पाण्यात तर दुसरं गळ्याइतक्या, असं होतं. पाणी पिशील ते उकळून. साबण काठावर नेऊ नकोस, भांडी लांब जाऊन धू.

फुरशासारख्या विषारी सापाची ओळख रत्नागिरीच्या मुलीला मी काय करून देणार? तिथेही दगड हाताने उचलायचा नाही, सकाळी बूट झटकून घालायचे, अंधारात बॅटरीशिवाय उठायचं नाही. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको.

ओझं तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा दुसरी जीन्स घरी ठेव. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि बाटलीभर कोकमाचं आगळ पुरे. माझी झोपायची पिशवी कपाटावर आहे, घेऊन जा, पण आधी दोन दिवस उन्हात टाक.

कुठल्या वाटेने जाणार आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन करणार, हे कागदावर लिहून ताईला दे. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर ती सगळ्यात आधी मलाच फोन करेल.

तुझी,
मावशी