शेतीतील नेहमीची कामे आणि कायदा : काही प्रश्न, काही उत्तरे



वाण कोणता निवडावा, पेरणीचे अंतर किती ठेवावे, खताची मात्रा किती द्यावी, हे प्रश्न शिवार फेरीत आणि मेळाव्यात नेहमीच विचारले जातात. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे, "साहेब, हे केले तर चालते का? कायद्यात बसते का?" कुणाला घरचे बियाणे शेजाऱ्याला विकायचे असते, कुणाला बांधावरचा आंबा तोडायचा असतो, तर कुणी रानडुकरांना कंटाळून कुंपणात वीज सोडण्याच्या विचारात असतो. यातील काही गोष्टी पूर्णपणे कायदेशीर असूनही शेतकरी विनाकारण भितात. उलट काही गोष्टी 'सगळेच करतात' म्हणून बिनधास्त केल्या जातात आणि त्यातूनच तुरुंगवासाची किंवा जीव जाण्याची वेळ येते. म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची माहिती येथे दिली आहे.

प्रश्न १ : घरच्या पिकातील बियाणे राखून ठेवून पुढील हंगामात पेरता येते का? वाण कंपनीच्या नावावर नोंदलेला असेल तर?

उत्तर : होय, पेरता येते. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, त्यात बियाणेही आले, राखून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटून घेणे आणि विकणे याचा हक्क आहे. वाण या कायद्याखाली संरक्षित असला तरी हा हक्क कायम राहतो. बंधन एकच आहे. संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाचे नाव दर्शविणारे लेबल लावून, पिशवीबंद करून, म्हणजे 'ब्रँडेड' स्वरूपात विकता येत नाही. सन २०१९ मध्ये गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने संरक्षित वाण लावल्याबद्दल दावे दाखल केले होते. शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार घेतला गेला आणि कंपनीने ते दावे त्याच वर्षी मागे घेतले.

कायद्याने मुभा असली तरी शास्त्राचे पथ्य पाळावे. सोयाबीन, गहू, हरभरा या स्वपरागीभवन होणाऱ्या पिकांच्या सरळ वाणांचे बियाणे घरी राखता येते. संकरित वाणाचे बियाणे मात्र राखू नये, कारण पुढील पिढीत गुणधर्म विभागले जाऊन पीक एकसारखे येत नाही. सोयाबीनचे बियाणे पेरणीपूर्वी गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासावी. ७० टक्के किंवा अधिक उगवण असल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरेसे होते. उगवण ६० टक्के आल्यास त्याच प्रमाणात वाढवून ३५ किलो वापरावे. त्याहून फार कमी आल्यास ते बियाणे पेरणीसाठी वापरू नये.

प्रश्न २ : असे बियाणे शेजाऱ्याला विकण्यासाठी परवाना लागतो का?

उत्तर : स्वतः पिकविलेले बियाणे आपल्या घरी किंवा शेतावर, पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला थेट विकल्यास बियाणे अधिनियम, १९६६ लागू होत नाही. तशी स्पष्ट सूट कलम २४ मध्ये आहे. मात्र इतरांकडून बियाणे गोळा करून विकणे किंवा दुकान थाटून विकणे हा व्यापार झाला. त्यासाठी बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार परवाना घ्यावाच लागतो. घरचे बियाणे कंपनीच्या जुन्या पिशवीत भरून देणे ही सरळ फसवणूक आहे, ते कदापि करू नये.

प्रश्न ३ : तणनाशकाला दाद न देणारे कपाशीचे बियाणे गावात छुप्या मार्गाने मिळते. ते लावणे गुन्हा आहे का?

उत्तर : जनुकीय बदल केलेले कोणतेही बियाणे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील १९८९ चे नियम यांनुसार मान्यता मिळाल्याशिवाय विकता किंवा लावता येत नाही. बोंडअळीला प्रतिकारक बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. तणनाशक सहनशील कपाशीला लागवडीची मान्यता मिळालेली नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात काही शेतकऱ्यांनी अशा बियाण्याची जाहीरपणे पेरणी करून आंदोलन केले, तरी कायदा बदललेला नाही. हे तंत्रज्ञान हवे की नको, यावर मतभेद असू शकतात. परंतु व्यवहाराची बाजू लक्षात घ्यावी. अशा पाकिटाला पावती नसते आणि आत काय भरले आहे याची हमी नसते. बियाणे उगवले नाही किंवा पीक फसले तर दाद मागण्यासाठी हातात काहीच पुरावा राहत नाही.

प्रश्न ४ : दुकानातून घेतलेले बियाणे उगवले नाही, तर भरपाई मागता येते का?

उत्तर : येते, पण पुरावा हवा. विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक आहे. पावतीवर पीक, वाण, लॉट क्रमांक व किंमत लिहून घ्यावी. पेरणीनंतर रिकामी पिशवी, तिची खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, तर सत्यदर्शक बियाण्याची हिरवी असते. उगवण कमी आढळताच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. बियाणे घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात दिला आहे. ग्राहक आयोगाकडील तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.

प्रश्न ५ : कीटकनाशक फवारण्यासाठी शेतकऱ्याला परवाना लागतो का? उरलेले औषध दुसऱ्याला विकता येते का?

उत्तर : स्वतः कसत असलेल्या जमिनीवर वापरासाठी परवाना लागत नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम ३८ मध्ये तशी सूट आहे. विक्रीला मात्र परवाना लागतो. औषध दुसऱ्या बाटलीत भरून विकणे गैर आहे आणि जीवघेणेही आहे. दारूच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत औषध ठेवू नये. डबे पाण्याच्या साठ्यापासून व वस्तीपासून दूर फोडून पुरावेत.

बंदी असलेली औषधे कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नयेत. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग सर्वांत तीव्र विषाचा असतो. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम लागतो. लेबलवर ज्या पिकाचा उल्लेख आहे त्याच पिकावर औषध वापरावे. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मजुराला हातमोजे, मास्क व चष्मा देणे ही मालकाची जबाबदारी समजावी. ओढ्यात किंवा तळ्यात औषध टाकून मासे पकडणे हा भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ नुसार गुन्हा आहे.

प्रश्न ६ : रानडुकरे व रोही पीक उद्ध्वस्त करतात. कुंपणाच्या तारेत वीज सोडली तर?

उत्तर : मुळीच सोडू नये. या लेखातील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. २३० व्होल्टचा घरगुती प्रवाह थेट तारेत सोडल्यास रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी, गुराखी किंवा घरचाच माणूस मरतो. अशा घटना दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. माणूस दगावल्यास निष्काळजीपणाचाच नव्हे, तर सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा लागू शकतो. आकडा टाकला असल्यास वीज अधिनियम, २००३ खाली वीजचोरीचा गुन्हा वेगळा. तारेला चिकटून बिबट्यासारखा अनुसूची एकमधील प्राणी मेल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते.

याला कायदेशीर पर्याय सौर कुंपणाचा आहे. त्यातील यंत्र अतिशय अल्पकाळ टिकणारे झटके ठरावीक अंतराने देते. त्यामुळे जनावर बिचकून पळते, मरत नाही. यंत्र प्रमाणित असावे आणि ते वीजवाहिनीला परस्पर जोडू नये. पिकाचे नुकसान झाल्यास विलंब न करता वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठी वन विभागातील अधिकारप्राप्त अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. तोंडी परवानगीला अर्थ नाही.

साप अंगावर आल्यास स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्हेतूने त्याला मारणे गुन्हा ठरत नाही. परंतु दिसला की मारणे कायद्यात बसत नाही. धामण तर उंदीर खाऊन धान्याचे रक्षण करते. तिला जाऊ द्यावे.

प्रश्न ७ : बांधावरचे झाड माझे आहे. मग ते तोडायला परवानगी कशाला?

उत्तर : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग, खैर, चंदन, हिरडा, ऐन, अंजन अशा झाडांचा समावेश आहे. ही झाडे खाजगी जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. झाड वाळलेले, रोगट किंवा घरावर पडण्याच्या बेतात असल्यास अर्जात तसे कारण नमूद करावे. सातबारा जोडून वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. व्यापाऱ्याने 'परवानगीचे मी बघतो' असे सांगितले तरी परवान्याची प्रत स्वतः पाहिल्याशिवाय कुऱ्हाड लावू देऊ नये. लाकूड वाहून नेण्याचा परवाना वेगळा असतो.

बांबूच्या बाबतीत मात्र मोठा बदल झाला आहे. सन २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे शेतातील बांबू लावणे, तोडणे व विकणे आता सुलभ झाले आहे.

प्रश्न ८ : शेजाऱ्याने शेतात जाण्याची वाट नांगरून टाकली. आम्ही ती पुन्हा मोकळी करून घेतली तर?

उत्तर : बळजबरीने करू नये. भांडणातून फौजदारी होते आणि मूळ हक्क बाजूला राहतो. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दाखल करणे आवश्यक आहे. 'पुढे बघू' म्हणून दिवस घालविणाऱ्याची मुदत टळते. रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार इतरांच्या बांधावरून रस्त्याची मागणी करता येते. हद्दीचे दगड उपटणे किंवा सरकविणे हाही याच संहितेनुसार अपराध आहे.

प्रश्न ९ : स्वतःच्या शेतात विहीर कोठेही खोदता येते का?

उत्तर : नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा विंधन विहीर घेता येत नाही. हे बंधन प्रथम १९९३ च्या कायद्याने आले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्येही ते आहे. शिवाय ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. विंधन यंत्र बोलावण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे व भूजल सर्वेक्षण कार्यालयाकडे चौकशी करावी. गावची नळयोजना कोरडी पडली तर आपल्याही घरी पाणी येणार नाही.

प्रश्न १० : तुरीत किंवा हळदीत गांजाची दोन-चार झाडे आली तर काय बिघडते?

उत्तर : फार बिघडते. अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ नुसार परवान्याशिवाय गांजाची लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याच्या कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत कोणी असे पीक बेकायदा घेतल्याचे कळल्यास ताबडतोब पोलिसांना कळविणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प राहणाराही शिक्षेस पात्र ठरतो. म्हणून शेत बटाईने दिले असले तरी अधूनमधून सर्व सऱ्यांतून फिरून यावे. अफूच्या बोंडांसाठी खसखस पेरण्यासही परवाना लागतो, हे विसरू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी

वरील उत्तरांवरून एक ठोकताळा बांधता येतो. कोणतेही नवे काम करताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

१) यामुळे दुसऱ्याच्या जिवाला, वाटेला किंवा पाण्याला धक्का लागतो का?
२) मी हे केवळ माझ्या शेतापुरते करतो आहे, की विक्रीचा व्यवसाय करतो आहे?
३) ही वस्तू, झाड किंवा प्राणी कायद्याने खास संरक्षित किंवा निषिद्ध केलेला आहे का?

तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर निर्धास्तपणे काम करावे. एकाही बाबतीत शंका असल्यास आधी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि मगच पुढे जावे. पावत्या, अर्जांच्या पोच आणि सातबारा उतारे एका फाईलमध्ये ठेवावेत. प्रत्यक्ष वाद निर्माण झाल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले शेतकरी यांना तेथे मोफत वकील मिळतो.

पिकावर कीड दिसण्यापूर्वी आपण कामगंध सापळे लावतो. कायद्याची माहितीही तशीच वेळेआधी घ्यावी, म्हणजे कोर्टकचेरीत जाणारा वेळ आणि पैसा शेतीसाठी वाचेल.